पहिलीच्या दिवाळीनंतर लेकराला काय यायला हवे?

परभणी जिल्ह्यातील एका वडिलांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत शिकते. दिवाळीची सुट्टी संपली तरी तिला बाराखडी सलग म्हणता येत नाही, वीसच्या पुढे मोजताना ती अडखळते आणि पंचवीस लिहायला सांगितले तर ५२ लिहिते. वर्गात चिंचोके मोजणे, गाणी म्हणणे, चित्रांवर बोलणे असेच चालते आणि गृहपाठ जवळजवळ नसतो. शेजारचा मुलगा इंग्रजी माध्यमात त्याच इयत्तेत असून त्याच्या वहीत १ ते १०० अंक, दोनचा पाढा आणि स्पेलिंगची पाने भरलेली आहेत. तेव्हा आता शिकवणी लावावी, की येत्या जूनमध्ये शाळाच बदलावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली सव्वीस वर्षे परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील खेड्यांमध्ये शिकवते आहे आणि त्यातली सतरा वर्षे पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. आपली काळजी मला पूर्णपणे समजते, कारण दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नेमके हेच विचारायला आई-वडील शाळेच्या ओट्यावर येतात. आपण दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. परंतु पहिलीतले शिकणे वहीवर फार थोडे उमटते, आणि म्हणून वर्षाच्या मध्यावर ते नेमके कशावरून ओळखायचे, हा आपला खरा प्रश्न आहे असे मी समजते.

आधी अपेक्षा काय आहेत ते पाहू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले, त्यात इयत्तावार लक्ष्ये ठरवून दिली आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाला त्याच्या वयाला साजेशा, पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचता यावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करता यावी, एवढेच त्यात म्हटले आहे. ‘पूर्वी न पाहिलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. शिवाय हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे लक्ष्य आहे, दिवाळीचे नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला भरते आणि पहिले तीन महिने खेळातून शाळेची तयारी करून घेण्याच्या ‘विद्याप्रवेश’ या कार्यक्रमाकडे बराच वेळ जातो. त्यामुळे अक्षरांचे आणि अंकांचे पद्धतशीर काम आपल्या मुलीच्या वाट्याला आतापर्यंत फार तर दोन-अडीच महिने आले असेल.

उत्तराचा काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तो आपल्याकडून कळल्याशिवाय मला ठाम सांगता येणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे वय. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांना त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे एकाच बाकावर साडेपाच वर्षांचे आणि साडेसहा वर्षांचे लेकरू शेजारी बसलेले असते. या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. दुसरे, ती अंगणवाडीत नियमित जात होती का. तिसरे, घरची भाषा कोणती. तांड्यावरचे लेकरू घरी गोरमाटी बोलते, देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू तर उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड असते, आणि कित्येक घरांत दखनी उर्दू असते. अशा मुलाला अक्षरांच्या आधी शब्दच नवे असतात. आणि शेवटची, पण मी नेहमी सर्वांत आधी तपासून घेते ती गोष्ट म्हणजे डोळे आणि कान. फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणाऱ्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. चष्मा लागल्यावर त्याच मुलाने दोन महिन्यांत वर्ग गाठला, आणि त्याचे ते आधीचे पाच महिने मी वाया घालवले याची रुखरुख मला अजूनही आहे.

आता वाचनाविषयी. नोकरीच्या सुरुवातीला मीही बाराखडी सुरात म्हणून घेत असे आणि धडे पाठ करून घेत असे. एक मुलगा पुस्तकातला पूर्ण धडा न चुकता म्हणायचा, ओळीवरून बोटही फिरवायचा. एके दिवशी मी धड्याच्या मधल्याच ‘आजी’ या शब्दावर बोट ठेवले आणि हे काय आहे असे विचारले. तो क्षणभर थांबला, बोट पानाच्या पहिल्या ओळीवर नेले आणि तिथून मनातल्या मनात म्हणत म्हणत ‘आजी’पर्यंत आला. त्याला वाचता येत नव्हते. मी त्याला पाठ करायला शिकवले होते आणि ते त्याने प्रामाणिकपणे केले होते. त्यानंतर मी पद्धत बदलली.

वाचायला शिकणे म्हणजे तीन गोष्टी एकत्र जुळणे. बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करता आले पाहिजेत, प्रत्येक तुकड्याची खूण ओळखता आली पाहिजे आणि त्या खुणा जोडून झालेला शब्द ओळखीचा वाटला पाहिजे. ‘मका’ या शब्दात ‘म’ आणि ‘का’ असे दोन आवाज आहेत हे ज्याला टाळ्या वाजवून दाखवता येत नाही, त्याला ‘म’ हे अक्षर शंभर वेळा गिरवायला लावून उपयोग होत नाही. आपल्या मुलीच्या वर्गात गाणी, यमके आणि ‘क ने सुरू होणारे शब्द सांगा’ असे खेळ चालत असतील, तर ते याचसाठी असतात. ते वेळ घालवणे नाही.

अक्षरांचा क्रमही पूर्वीसारखा राहिलेला नाही. ग म भ न हा आपला जुना क्रम वळणाच्या सोयीचा आहे, हाताला तो चांगला. वाचनासाठी मात्र मी म, क, ल, ब, स अशी पाच अक्षरे आणि सोबत काना एवढ्यापासून सुरुवात करते, कारण तेवढ्यातच मका, मामा, काका, बाबा, बाक, साल, मासा, बस असे घरातले आणि शेतातले शब्द तयार होतात. पाच अक्षरांवर लेकरू खरोखर वाचू लागते. मग पुढचा गट येतो, त्यासोबत मात्रा किंवा वेलांटी येते. या पद्धतीत संपूर्ण बाराखडी सलग म्हणता येणे ही शेवटाकडची गोष्ट आहे. म्हणून आपल्या मुलीला ती आज म्हणता येत नाही, एवढ्यावरून मी काहीच निष्कर्ष काढणार नाही.

मराठी लिपी नियमित आहे, तरी तिच्यात लेकरांना अडवणाऱ्या काही जागा आहेत आणि त्या पालकांना माहीत असल्या की राग आवरतो. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. त्यामुळे डावीकडून प्रामाणिकपणे वाचणारे लेकरू ‘कि’ पाहून ‘इक’ असे काहीतरी म्हणते. ‘च’ हे अक्षर ‘चमचा’त एक आवाज करते आणि ‘चिमणी’त दुसरा, ‘ज’चेही तसेच. ‘कमळ’ या शब्दातली तीन अक्षरे सुटी म्हटली तर शेवटच्या ‘ळ’मध्ये पूर्ण ‘अ’ ऐकू येतो, पण शब्द म्हणताना तो गळतो, आणि म्हणूनच क-म-ळ असे तीनदा म्हणूनही एखाद्या मुलाला ‘कमळ’ सापडत नाही. अशा वेळी ‘आता हेच भरभर म्हण’ एवढे सांगितले की बहुतेक वेळा त्याचा चेहरा उजळतो. जोडाक्षरांचा मुख्य सराव मी पहिलीत घेत नाही, तो दुसरीसाठी ठेवते.

आपल्याकडच्या बोलीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. लेकरू ‘बाई, मपली पाटी फुटली’ म्हणते आणि वहीत ‘पानी’ लिहिते. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाने स्वतःच्या तोंडातला आवाज नेमका ऐकून त्याचे अक्षर बरोबर निवडलेले असते. लेखनातले हे सर्वांत अवघड काम त्याने केलेले असते. ‘पाणी’ हे रूप पुस्तकातून वारंवार डोळ्यांखालून गेले की दुसरी-तिसरीत येते. पहिलीत त्या ‘न’वर लाल फुली मारली, तर पुढच्या वेळी ते लेकरू पाणी सोडून ‘मामा’ लिहील, कारण ‘मामा’ चुकत नाही. घरातही ‘मपली नाही, माझी म्हण’ असे प्रत्येक वाक्याला टोकू नये. बोलणे आटले की वाचनाला लागणारे शब्दही आटतात.

लेखनाबद्दल फार लांबवत नाही. सहा वर्षांच्या बोटांत ताकद हळूहळू येते. मातीचे गोळे करणे, मणी ओवणे, शेंगा फोडणे, कात्रीने कागद कापणे ही लेखनाचीच तयारी आहे. अक्षर मोठे, वेडेवाकडे, रेघेबाहेर गेलेले असले तरी चालते, मात्र ते कुठून सुरू होऊन कुठे वळते हे पहिल्यापासून बरोबर हवे, कारण चुकीचे वळण नंतर मोडणे जड जाते. एकच अक्षर पानभर लिहायला लावण्याच्या मी विरोधात आहे. पाचव्या ओळीनंतर लेकरू वरच्या ओळीची नक्कल करत असते आणि वरच्या ओळीतली चूकही खाली उतरत जाते. त्यापेक्षा चित्र काढायला सांगावे आणि त्याखाली त्याच्या मनातला एक शब्द, मग दोन, मग एक ओळ लिहू द्यावी. मागच्या वर्षी एका मुलीने बैलाचे चित्र काढून खाली ‘आमचा सरजा अजारी हे’ असे लिहिले होते. त्या ओळीतल्या चुका मोजायच्या नसतात. सहा महिन्यांपूर्वी पाटीवर उभी रेघ नीट न येणारे लेकरू आता घरातली काळजी कागदावर मांडते आहे, हे पाहायचे असते.

आता ५२ आणि २५. ही चूक आपल्या मुलीची कमी आणि आपल्या संख्यानामांची जास्त आहे. पंचवीस या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी येतो. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे लेकरू ५ आधी लिहिणारच. याहून अवघड आहेत ‘एकोण’वाल्या संख्या. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण लेकराच्या कानात ‘तीस’ घुमतो आणि ते ३९ लिहिते. बरे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम धरून चालावा तर ९९ ला आपण नव्याण्णव म्हणतो. अकरा, बारा, तेरा या नावांत तर दहाचा मागमूसही मुलांना लागत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, पंचवीसला ‘वीस पाच’ असे वाचण्याची रीत सुचवली गेली तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण त्या वेळी समजावून सांगितली होती. मी स्वतः वर्गात दोन्ही म्हणून घेते: आधी ‘वीस आणि पाच’, मग ‘पंचवीस’. परंपरेचे नाव टिकते आणि लेकरू फसत नाही.

यावर उपाय अंक घोकण्यात नाही, दहाचा गठ्ठा हाताळण्यात आहे. आम्ही तुरीच्या काड्यांचे बोटभर तुकडे करतो, दहा मोजून रबर लावतो आणि दहा सुट्यांचा एक दशक झाला म्हणतो. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर असल्या की २ कुठे लिहायचा हे सांगावे लागत नाही, आणि पाच गठ्ठ्यांचा ढीग शेजारी मांडला की २५ आणि ५२ यांतला फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या घरी कडब्याच्या पेंढ्या बांधताना मुलीने पाहिल्या असतील, तिला ही कल्पना लवकर पटेल. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊनही हेच करता येते.

शेजारच्या मुलाच्या वहीतले १ ते १०० अंक खरे असतील, पण त्यांचा अर्थ त्याला कळला आहे का हे वही सांगत नाही. त्याच्याविषयी मी काही म्हणत नाही, कदाचित त्याला उत्तम कळत असेल. मी एवढेच करते की, मूठभर चिंचोके टाकते आणि किती आहेत ते विचारते. काही मुले तोंडाने एक-दोन-तीन म्हणतात आणि बोट मात्र दुसऱ्याच गतीने फिरते. काही नीट मोजतात, पण ‘मग किती?’ विचारले की पुन्हा पहिल्यापासून मोजतात, म्हणजे शेवटचा आकडा हीच एकूण संख्या आहे हे त्यांना अजून उमगलेले नसते. काहींसमोर तेच आठ चिंचोके लांब लांब पसरले तर ती म्हणतात, ‘आता जास्त झाले.’ ही मुले शंभरपर्यंत लिहीत असली तरी मी त्यांना आठच्या आतच थांबवते. उलट जे लेकरू सात चिंचोक्यांवर झाकण ठेवून वर पाच टाकल्यावर सुरुवातीपासून न मोजता ‘सात... आठ, नऊ, दहा, अकरा, बारा’ असे पुढे मोजते, त्याची बेरीज पक्की झाली असे मी मानते. दोनचा पाढा त्याला दोन-दोनच्या उड्यांतून सहज कळतो, आणि पाठांतर त्यानंतर करून घेतले तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

तेव्हा आपण घरी काय करावे? शाळेतल्या बाईंना किंवा सरांना भेटून आतापर्यंत कोणती अक्षरे आणि कोणत्या स्वरखुणा झाल्या ते विचारून घ्या आणि तेवढ्याच अक्षरांचे सहा-सात शब्द कागदावर लिहा. ते पुस्तकात नसलेले असावेत. निपुणच्या लक्ष्यातला ‘पूर्वी न पाहिलेला मजकूर’ तो हाच. त्यात ‘लाबक’ असा एक निरर्थक शब्दही घाला. तिने तो जोडून वाचला आणि ‘असा कुठे शब्द असतो का’ म्हणून हसली, तर तिला अक्षरेही येतात आणि ती अर्थ शोधत वाचते हेही कळेल. मोजण्यासाठी वर सांगितलेली चिंचोक्यांची पाहणी करा. हे परीक्षेसारखे करू नका. जेवणानंतर, हसत-खेळत, पंधरा मिनिटांत होण्यासारखे आहे. रोजचा अभ्यासही पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. दुकानाची पाटी, बसवरचे गावाचे नाव, बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरे वाचायला लावा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून गोष्टी ऐकू द्या आणि ‘मग पुढे काय झाले असेल?’ असे तिला विचारा.

शिकवणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आज लावू नये. आमच्या भागातल्या बहुतेक शिकवण्यांत पहिलीच्या मुलाकडून पाने भरून घेतली जातात, शाळेत एक पद्धत आणि संध्याकाळी दुसरी असा गोंधळ होतो आणि खेळण्याचा वेळ जातो. याला माझ्या अनुभवात एक खरा अपवाद आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली लेकरे, बीडकडची विशेषतः आणि आमच्याकडचीही, दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमके वाचन उमलण्याचे महिने त्यांच्या हातून जातात. अशा लेकरांना गावातच आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता आले तर ठेवावे, आणि परत आल्यावर त्यांना जास्तीचा वेळ देणे ही शाळेची जबाबदारी आहे. आपली मुलगी रोज शाळेत जाते, त्यामुळे तिला ही अडचण नाही.

शाळा बदलण्याचा विचार वह्यांच्या तुलनेवरून करू नका. जी भाषा घरात बोलली जात नाही, तिच्यात वाचायला शिकताना लेकरावर लिपी आणि शब्द असे दोन्ही भार एकदम पडतात. इंग्रजी शिकवावी, जरूर शिकवावी, ती आमच्याकडेही पहिलीपासून आहे, पण वाचनाची वाट आधी घरच्या भाषेत पडू द्यावी, असे मी सतरा वर्षे पहिली शिकवून म्हणते. मात्र शाळेतच काही चालत नसेल, शिक्षक वारंवार नसतील किंवा एकाच शिक्षकावर चार वर्ग असतील, तर प्रश्न वेगळा आहे, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपण उभे राहून विचारला पाहिजे.

संक्रांतीपर्यंत वाट पाहा. तोवर तिला शिकवलेल्या अक्षरांचे नवे दोन-तीन अक्षरी शब्द जोडून वाचता आले, वीस वस्तू न चुकता मोजता आल्या, दहाच्या आतली बेरीज वस्तू घेऊन करता आली आणि गठ्ठे समोर असताना २५ बरोबर लिहिता आले, तर ती वेळेवर आहे असे खुशाल समजा. यातले निम्मेही दिसले नाही, तर शाळेत जाऊन शिक्षकांसोबत बसा, तिची वही न मागता तिला समोर वाचायला आणि मोजायला सांगा आणि ती नेमकी कुठे थांबते ते दोघांनी मिळून पाहा. डोळे आणि कान मात्र संक्रांतीची वाट न पाहता याच महिन्यात ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या.